तिसऱ्या ओळीतला खोकला

"तो फोन पाव कापायच्या फळीशेजारी ठेवत जाऊ नकोस, लविना. तिथं माणसं मोकळं बोलतात."

आमची मेम, म्हणजे आई, असं म्हणाली तेव्हा मी हसले होते. "मेम, त्याला आपली बोली कुठं कळते?" असं म्हणून फोन तिथंच ठेवला, पिठाच्या डब्याला टेकवून, कारण माझ्या तान्ह्या नोराला दुपारी झोपवायला मला त्यातला पावसाचा आवाज लागायचा. चार वर्षं कॉलेजात काढून आलेल्या मुलीला आईची भीती जरा भोळीच वाटते.

ही जुलैतली गोष्ट. मी गोशेनहून महिनाभर माहेरी आले होते. एका दुपारी माझा धाकटा भाऊ ॲटली त्याच टेबलाशी मटार सोलत बसला होता. बावीस वर्षांचा, बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झालेला, सुतारकामाच्या दुकानात जाणारा. नोरा किरकिरत होती म्हणून त्यानं गाणं सुरू केलं. चाल उपासनेतल्या दुसऱ्या गाण्याची, तीच गोगलगायीची गत, एकेका अक्षराला अख्खा श्वास. शब्द मात्र त्याचे स्वतःचे:

आमच्या घरी वीज नाही, आम्ही साधे भोळे,
शेजाऱ्याच्या फ्रीजरमध्ये आमचे बर्फगोळे.
आमच्या घरी फोन नाही, जगाशी ना नाते,
रस्त्याकडच्या खोपटात बायको तास खाते.

आणि शेवटी, डोळे मिटून, अगदी आजोबांसारखी दाढी पुढे काढून:

पणजोबा गाता गाता अडले, पडसं होतं त्यांना,
ऐंशी वर्षं पडशावाचून अडणं आलं आम्हांना.

मी पोट धरून हसले. मेम चुलीकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. पहिल्याच ओळीला मी फोनचं बटण दाबलं होतं. मामाचा आवाज नोराला मोठेपणी ऐकवू, एवढंच मनात होतं. संध्याकाळी ते मी ग्लेनच्या चुलत बहिणीला पाठवलं. ग्लेन माझा नवरा. मेनोनाइट घरातला, आमच्यासारखाच पण मोकळा पंथ, त्यांच्याकडे वीज आहे, पियानो आहे आणि विनोदाची फार हौस आहे. तीन आठवड्यांत ते गाणं चार लाख लोकांनी ऐकलं. कुणीतरी त्याला मागे ढोलही लावले.

आमच्या पंथात बाप्तिस्मा मोठेपणी घेतात, आणि त्यानंतर सोडून जाणाऱ्याला घरचेही वेगळ्या टेबलावर जेवायला बसवतात. मी बाप्तिस्मा घेण्याआधीच बाहेर पडले होते. म्हणून तर माझ्यासाठी जेवणाचं टेबल वेगळं झालं नाही, आणि म्हणूनच मला शिक्षाही करता येत नाही. शिक्षा ॲटलीच्या वाट्याला.

*

दुसऱ्या गाण्याचं सांगायला हवं. आमच्याकडे दर उपासनेत दुसरं गाणं ठरलेलं असतं. चार कडवी, वीस मिनिटं. पुस्तकात नुसते शब्द आहेत. सुरांची खूण कुठं लिहिलेली नाही. चाल बापाच्या घशातून मुलाच्या घशात जाते. ओळीचं पहिलं अक्षर गाणं उचलणारा पुरुष एकटा म्हणतो, मग सगळी मंडळी त्यात शिरते. आमच्या मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या आमच्या भागातल्या घरांत, एकेचाळीस वर्षं हे गाणं आमचे आजोबा, आम्ही त्यांना डॉडी म्हणतो आणि वडिलांना डाट, उचलत आले. आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर आमचा सगळ्यांचा आवाज घशात अडतो, अर्धा श्वास थांबतो, आणि एक पायरी खाली उतरून पुढं जातो. शेजारच्या मंडळीत तसं नाही. पण त्यांना चाल नीट येत नाही, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो.

ऑगस्टच्या शेवटी गाणं आमच्या खोऱ्यात परत आलं. तरुण मुलांच्या खिशांत असतात ते फोन, सगळ्यांना माहीत असलेले आणि कुणीच न पाहिलेले. त्यातून ते लाकूडगिरणीत पोचलं, मग चीजच्या दुकानात, मग बिशप मोनरोंच्या कानावर. रस्त्यानं जाणारी पोरं आमच्या कुंपणाशी येऊन खोकायला लागली. आडनाव श्लाबाख राहिलं बाजूला, आम्ही 'खोकले' झालो.

मग सप्टेंबरच्या मध्यावर तो रविवार. मी तिथं नव्हते. मेमनं सांगितलं ते लिहिते. दुसऱ्या गाण्याची वेळ झाली. डॉडींनी पुस्तक उघडलं आणि गप्प बसले.

डाट तेव्हा वरच्या मजल्यावर होते. ते मंडळीचे डीकन आहेत, शिस्त त्यांच्याकडे, आणि हे गाणं चालू असताना बिशप, धर्मसेवक आणि डीकन वरच्या खोलीत बोलायला बसतात. खालून गाणं येत राहतं, त्यावर बोलणं चालतं. त्या दिवशी खालून काहीच येईना. बिशप मोनरो वाक्य अर्धं टाकून थांबले. डाट मला म्हणाले, "नुसत्या शांततेवरून बापाची तब्येत कशी कळणार? मला वाटलं, गेले."

गेले नव्हते. बसले होते. शेवटी पलीकडच्या मंडळीतून आमच्याकडे लग्न करून आलेल्या एकानं धीर करून गाणं उचललं. तिसरी ओळ त्यानं सरळ नेली. अर्धी मंडळी त्याच्याबरोबर सरळ गेली, अर्धी सवयीनं अडली, आणि पुढची पंधरा मिनिटं दोन गाणी एकमेकांच्या मागं धावत राहिली. काही मुली रुमालात तोंड खुपसून हसल्या. त्या हसतात हे बिशपना वरूनही ऐकू आलं.

उतरताना ते डाटना एवढंच म्हणाले, "इमॅन्युएल, समेटाच्या रविवारच्या आत तुमच्या घरातलं मिटवा."

समेटाच्या रविवारी प्रत्येक सभासदानं सांगायचं असतं की माझ्या मनात कुणाविषयी काही नाही. मग दोन आठवड्यांनी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस. ॲटलीनं समेटाच्या दिवशी मंडळीपुढं गुडघे टेकून माफी मागायची, नाहीतर त्याला प्रभुभोजनातून मागं ठेवणार. आणि मागं ठेवलेल्या माणसाचं लग्न त्या वर्षी जाहीर होत नाही.

पण हे शेवटचं वाक्य घरात कुणाला उच्चारता येत नव्हतं. जाहीर होईपर्यंत लग्न ही गुप्त गोष्ट. रोझॅना बीची हे नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नव्हतं, आणि सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मिटवायचं म्हणजे डीकननं जाऊन समज द्यायची. त्या बुधवारी डाटनी जेवण झाल्यावर काळी टोपी घातली, मागच्या दारानं बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि पुढचं दार वाजवलं. मेमनं उघडलं.

"ॲटली घरी आहे का?"

"आत्ता तुमच्याच शेजारी बसून बटाटे खात होता."

"मी डीकन म्हणून आलोय, ओर्फा."

"मग पाय पुसा," मेम म्हणाली.

ॲटलीनं डीकनला सांगितलं की फोनबद्दल म्हणाल तर गुडघे टेकतो, गाण्याबद्दल नाही. डीकन तसेच पुढच्या दारानं बाहेर गेले, वळसा घालून मागच्या दारानं आत आले, टोपी खुंटीला लावली आणि रात्रभर कुणाशी बोलले नाहीत.

*

समेटाच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे सफरचंदाचा मुरंबा घालतात. पहाटेच डाटनी अंगणात तांब्याची काहील चढवली होती. मी दहाला पोचले तेव्हा रस निम्म्यावर आला होता. ढवळायच्या लाकडी दांड्यावर दोघं लागतात, आणि तो एक क्षणही थांबवायचा नसतो. थांबला की तळ धरतो. म्हणून त्या दिवशी माझ्या माहेरात कुणी रागावून उठून जाऊ शकत नाही. मला वाटतं मेमनं तो शनिवार मुद्दामच निवडला होता.

नोराला कडेवरून खाली ठेवायची मला सोय नव्हती. एकीकडे जाळ, दुसरीकडे सालींवर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या. मी तिला शालीनं पोटाशी बांधली आणि सालं काढायला बसले.

"आली रेडिओवाली," मलिंडा आत्या म्हणाली. डाटची थोरली बहीण. लग्न केलं नाही, तीस वर्षं शाळा चालवली, आणि आजही समोरचा माणूस दुसरीत आहे असंच धरून बोलते.

"आत्या, मी सालं काढायला आलेय."

"काढ. बोलू नकोस. तू बोललीस की चार लाख लोक ऐकतात."

दांड्यावर एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मेम. ॲटली लाकडं फोडत होता, गरजेपेक्षा जास्त.

"ओर्फा," आत्यानं विचारलं, "यंदा दीडशे कोंबड्या कशाला पाळल्यास?"

"अंड्यांसाठी."

"त्यात निम्मे कोंबडे आहेत."

"तरीच अंडी कमी येतायत," मेम म्हणाली आणि दांडा जरा जोरात ओढला.

ॲटलीची कुऱ्हाड थांबली. त्याचे कान लाल झाले होते. लग्नाच्या जेवणाच्या कोंबड्या आमच्या अंगणात उघड फिरत होत्या आणि आम्ही सगळे अंड्यांवर बोलत होतो.

मेमच्या मनात तेव्हा काय होतं ते तिनं मला नंतर भांडी घासताना सांगितलं. ती ॲटलीच्या बाजूची होती, कारण गाणं ऐकून ती स्वतः हसली होती. "मी हसले आणि गुडघे त्यानं टेकायचे, हे मला पटेना. पण माझं हसू पाठीमागून कुणाला दिसलं नव्हतं. माझ्या बाजूनं साक्षीदार म्हणजे चूल."

डाट गोठ्यातून आले. त्यांनी आत्याच्या हातातला दांडा घेतला आणि ॲटलीला मानेनं दुसऱ्या बाजूला बोलावलं. आता बापलेक समोरासमोर, मध्ये उकळती काहील.

"उद्या," डाट म्हणाले.

"माहीत आहे."

"आत्ता मी टोपी घातलेली नाही."

"दिसतंय, डाट."

"मग मोकळं बोल."

ॲटलीनं दांडा एक फेरी फिरवला. मग म्हणाला, "गाण्यात खोटं काय आहे ते सांगा. फोनचं खोपटं खोटं आहे? मागच्या मंगळवारी तिथं मेम सव्वा तास होती."

"माझ्या बहिणीचं पित्ताशय काढलं होतं," मेम म्हणाली.

"आणि बिशप मोनरोंचं आइस्क्रीम कुठल्या फ्रीजरमध्ये असतं ते मी गाण्यात सांगितलंसुद्धा नाही. सांगता आलं असतं. 'मोनरो'ला यमकं भरपूर आहेत."

डाटच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी तो लगेच जागेवर आणला. डीकन होण्याआधी, मी सात वर्षांची असताना, मका सोलायला जमलेल्या लोकांना याच माणसानं अर्धा तास नुसता टांग्याच्या घोड्याचा आवाज काढून हसवलं होतं. नंतर चिठ्ठी त्यांच्या पुस्तकात निघाली. आमच्याकडे डीकन चिठ्ठीनं नेमतात, आणि चिठ्ठी कुणाला विनोद येतो का ते बघत नाही.

"आणि पडशाचं?" आत्यानं विचारलं. ती आता माझ्या शेजारी बसून गर काढत होती, पण आवाज शाळेतलाच. "माझे आजोबा पडशानं अडले, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. चालीत ती जागा खोकल्यासारखी वाटते म्हणून लिहिलं."

"म्हणजे यमक जुळावं म्हणून तू मेलेल्या माणसाला पडसं दिलंस."

ॲटलीनं बाहीनं कपाळ पुसलं. आत्या थांबली नाही.

"तुझ्या डॉडींनी दोन आठवडे तोंड उघडलेलं नाही. पोरं कुंपणाशी येऊन खोकतात. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस खिडकीचा पडदा ओढून बसतो. आणि तू म्हणतोस, गाण्यात खोटं काय. टेक गुडघे आणि मोकळा हो."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी पाठवलं. मीच टेकते."

"तुला टेकायला आमच्यात जागाच नाही," आत्या म्हणाली. हे तिनं दुष्टपणे म्हटलं नाही. नकाशात एखादं गाव नसतं तसं म्हटलं. म्हणूनच मला लागलं. मी नोराच्या डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली.

इतक्यात मागच्या छोट्या घराचं दार वाजलं. डॉडी तिथं एकटे राहतात, आमच्या घराला चिकटूनच. ते काठी टेकत अंगणात आले, कुणाकडे न बघता काहिलीपाशी गेले आणि डाटच्या हातातून दांडा घेतला. दुसऱ्या टोकाला ॲटली. दोघांनी एकदोन फेऱ्या ढवळलं.

"ऐंशी नाही," डॉडी म्हणाले. "सत्त्याहत्तर."

"काय, डॉडी?"

"वर्षं. तू गाण्यात ऐंशी म्हटलंस. सत्त्याहत्तर झाली. मी दहाचा होतो."

मलिंडा आत्याच्या हातातली सुरी थांबली.

"बाबांना छातीचं दुखणं होतं त्या हिवाळ्यात," डॉडी म्हणाले. "आईनं नको म्हटलं होतं. तरी गेले, गाणं उचललं. तिसऱ्या ओळीला खोकला आला, तो त्यांनी दाबला, थांबले, पुढं गेले. मंडळीही थांबली. आमची माणसं सभ्य. उचलणाऱ्याला उघडं पाडायचं नाही. दुसऱ्या कडव्यातही तसंच. चारही कडवी."

"आणि मग?" ॲटलीनं विचारलं.

"दोन आठवड्यांनी बाबा बरे झाले. सरळ गायले. मंडळी थांबली. सगळी, एकदम. त्यांना वाटलं, आता असंच करायचं. बाबा एकटेच पुढं गेले, आणि मग... सगळ्या मंडळीला चूक कसं ठरवायचं? पुढच्या कडव्यापासून तेही थांबायला लागले." डॉडींनी दांडा स्वतःकडे ओढला. "घरी येऊन धान्याच्या कोठीत गेले आणि इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मी बघितलं. म्हणाले, रोमन, कुणाला सांगायचं नाही, लोकांना लाज वाटेल. मी म्हटलं, नाही सांगणार."

काहिलीत एक जाड बुडबुडा फुटला. डाटचं तोंड अर्धं उघडं राहिलं होतं.

"मग तुम्ही रागावला नव्हता?" डाटनी विचारलं.

"कुणावर?"

"ॲटलीवर. त्यानं तुमची नक्कल केली."

"नक्कल चांगली होती. दाढी जरा जास्त पुढं काढली." डॉडींनी दांडा पुढं ढकलला. "पण मग चीजच्या दुकानात तिघांनी विचारलं, रोमन, ते पडशाचं खरं का? खोटं बोलायचं नाही. आणि बाबांना दिलेला शब्द मोडायचा नाही. तोंड उघडून अडलो तर जाणूनबुजून चूक, न अडलो तर उत्तर दिल्यासारखं. म्हणून गप्प बसलो. आज सांगितलं तेही चुकलंच. पण हा पोरगा त्यासाठी लग्न घालवून बसेल, हे बाबांनाही आवडलं नसतं."

लग्न हा शब्द अंगणात पडला आणि सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. मेम कोंबड्यांकडे बघायला लागली.

"उद्या गुडघे मी टेकणार," डॉडी म्हणाले. "एकेचाळीस वर्षं चुकीचं उचललं, माहीत असून."

"तुमचे गुडघे..." डाट म्हणाले.

"टेकतील. उठायचं ते तुम्ही बघा."

मलिंडा आत्या उभी राहिली. एप्रनला हात पुसत म्हणाली, "आधी कशी होती? सरळ?"

डॉडींनी मान हलवली. गायले नाहीत. मला म्हणाले, "लविना, तू बाहेर गाणं शिकलीस. श्वास न तोडता म्हण. मी सांगतो." आणि त्यांनी दांड्यानंच चाल दाखवली, वर, वर, जरा खाली, मग लांब सपाट ओढ. मी म्हटलं. दोनदा घसा सवयीनं अडला. तिसऱ्यांदा ओळ सरळ गेली, अगदी स्वच्छ, कुठं खड्डा नाही. नोरानं पोटापाशी मान वर करून बघितलं.



"एक पायरी काढलेल्या जिन्यासारखं झालं," मेम म्हणाली.

"हीच खरी आहे," डाट म्हणाले. डीकनच बोलत होता त्यांच्यातला. "खरी कळली तर खरीच म्हणायला हवी."

"नाही," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तीस वर्षं तिनं चूक दिसली की खोडायला शिकवलं. माझी दोन वह्या भरून वाक्यं तिनं खोडली आहेत. पण तिच्या आजोबांना ती ओळखत नव्हती. ती जन्मायच्या आधीच ते गेले. आमच्यात फोटो काढत नाहीत. त्यांचा कोट फाटला, त्यांचं घड्याळ कुणा चुलत्याकडे गेलं. हे सगळं तिच्या मनात एकदम आलं, असं ती मला नंतर म्हणाली. अंगणात ती एवढंच बोलली: "माझ्या आजोबांचा आवाज मला ठाऊक नाही. दर दुसऱ्या रविवारी मी त्यांच्यासारखी अडत होते आणि मला माहीत नव्हतं. आत्ता कळलं, आणि तुम्ही ते काढायला निघालात?" मग ॲटलीकडे बोट. "तू माफी माग. पण चालीतला खोकला काढायचा नाही."

"आत्या, माफी कशाची मागू ते तरी सांग."

"ते तुझं तू शोध. मोठा झालास."

ॲटली ढवळत राहिला. रस दाट झाला होता, दोघांना जोर लावावा लागत होता. मग तो डाटना म्हणाला, "न कळता खरं बोललो. आणि त्यानं डॉडींना गप्प केलं. याची मागीन. फ्रीजरची नाही."

"फ्रीजरबद्दल बिशप बहुतेक विचारणार नाहीत," डाट म्हणाले.

"आणि डॉडी टेकणार असतील तर त्यांना उठवायला शेजारी कुणीतरी हवंच. मी आधीच खाली असलो की बरं पडेल."

डॉडींनी त्याच्याकडे पाहिलं. "दुसऱ्या गाण्याला मी तुला कोपर मारणार," ते म्हणाले. आमच्यात गाणं असंच दुसऱ्याकडे सरकवतात. "तू उचल."

"सरळ की अडून?"

"तोंड उघड. येईल तसं."

*

समेटाच्या उपासनेला फक्त सभासद बसतात. उपासना पाळीपाळीनं एकेकाकडे होते; त्या रविवारी मंडळी आमच्या शेजारच्या शेतावरच्या कोठारात होती, म्हणून मी रस्त्याअलीकडच्या आमच्या घरात सगळ्यांची लहान मुलं सांभाळायला घेतली. अकरा मुलं, एक नोरा. खिडक्या उघड्या होत्या. मी मोजत होते: मुलं, दारं, विहिरीचं झाकण.

पहिलं गाणं संपलं. मी नोराच्या हातातला खुळखुळा काढून घेतला. आणि ॲटलीचा आवाज एकटा निघाला. कापरा नव्हता. मटार सोलताना होता तसाच, पुढे काढलेल्या दाढीशिवाय. मागून सगळी मंडळी आली, दोनशे माणसं, कोठाराच्या भिंती हलवणारी. तिसरी ओळ आली. ॲटली अडला. दोनशे माणसं अडली, एकाच जागी, एकाच अर्ध्या श्वासाला, आणि एक पायरी उतरून पुढं गेली. माझ्या मांडीवर बसून गुणगुणणारा चार वर्षांचा मुलगाही अडला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारी सगळं कळलं. दोघं गुडघ्यांवर बसले, दोघांनी सांगितलं. डॉडींनी कोठीतलं हसणंसुद्धा सांगितलं. मंडळीनं दोघांना एकमतानं पुन्हा हात दिला, म्हणजे माफ करून आपल्यात घेतलं. ॲटलीनं डॉडींना काखेत हात घालून उठवलं. रोझॅनाच्या बापानं बाहेर पडताना ॲटलीशी मक्याबद्दल पाच मिनिटं गप्पा मारल्या, आणि आमच्याकडे हे फार झालं. पुढं प्रभुभोजन झालं. लग्न जाहीर झालं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी. मेमच्या कोंबड्या आता उघडपणे लग्नाच्या कोंबड्या आहेत. कुंपणाशी आता कुणी खोकत नाही. सगळी मंडळीच खोकली म्हटल्यावर चिडवायचं कुणाला?

एकच गोष्ट मला कुणी सांगू शकलेलं नाही. त्या रविवारी डॉडी गायले का?

ॲटली त्यांच्या शेजारी, पण त्याच्या कानात त्याचाच आवाज. मेम आणि आत्या बायकांच्या बाजूला, मध्ये तीन रांगा टोप्या. डाट वरच्या मजल्यावर. मी निघायच्या आधी डॉडींना विचारलं. म्हणाले, "पुस्तक उघडं होतं माझं." मग नोराच्या गालाला बोट लावून आत गेले.

नोराचा कान फुटलाय, डॉक्टरनं तीन आठवडे प्रवास नको म्हटलंय, आणि मेमची पत्रं सगळी छान असतात. घर जळत असतं तरी मेमनं हवा उबदार आहे असं लिहिलं असतं. डॉडी गातात की नाही ते कळायला लग्नापर्यंत थांबणं माझ्याच्यानं होणार नाही.

म्हणून तुमच्यापैकी कुणी आमच्या खोऱ्यात, फ्रेडरिक्सबर्गच्या दक्षिणेला जाणार असेल, तर लाकूडगिरणीच्या पुढचं दुसरं वळण घ्या. पांढरं घर, मागं चिकटलेलं छोटं घर, हिरवा पडदा. सकाळी सहाच्या सुमाराला जा. डाट दूध काढतात तेव्हा डॉडी गोठ्यात स्टुलावर बसतात. पूर्वी ते गायींना गाऊन दाखवायचे. दाराबाहेर जरा उभे राहा. गाणं ऐकू आलं तर आत जाऊ नका, तसेच परत या आणि मला कळवा. ऐकू आलं नाही, तर आत जा. ओळख सांगायची गरज नाही. त्यांच्या शेजारी बसा आणि म्हणा, डॉडी, तिसरी ओळ कशी जाते ते विसरायला झालंय.